निळ्या चौकटीतलं एकच वाक्य

टीव्ही गेला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बाबा बातम्या बघत होते. निवेदिकेचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं, मग तिचे चौकोन झाले, चौकोनांचे तुकडे झाले आणि शेवटी काळ्या पडद्यावर निळी चौकट आली: ‘सिग्नल उपलब्ध नाही. डिश आणि केबलची जोडणी तपासा.’ मार्चचा पहिला आठवडा. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वाऱ्याचा मागमूस नाही, आणि डिश गच्चीच्या कठड्यावर जिथे होती तिथेच.

पुढच्या सात महिन्यांत ती चौकट इतक्या वेळा आली की आईला ते वाक्य पाठ झालं. आमच्याकडे ते चार वेगवेगळ्या कारणांनी आलं आणि चारही वेळा त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. थर्मामीटर लावावा आणि त्यानं ‘तुम्ही आजारी आहात’ एवढंच सांगावं, तसा प्रकार.

पहिला फोन मी केला. भाषा निवडा, सेवा निवडा, नोंदवलेला मोबाईल नंबर टाका, मग आपला कॉल आमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते ऐका, आणि ते ऐकून झालं की त्यांच्याच नव्या पॅकची जाहिरात. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. आवाजात कंटाळा होता, पण वागणं अतिशय नम्र. तिनं सांगितलं, “सर, बॉक्सचा स्विच बंद करा, एक मिनिट थांबा आणि परत चालू करा.” केलं. बॉक्स सावकाश उठला, आळोखेपिळोखे दिले आणि चित्र आलं.

“आलं का, सर?”

“आलं.”

“अजून काही मदत करू शकते?”

दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास परत तेच. बाबांनी आता उपाय शिकून घेतला होता. स्विच बंद, एक मिनिट, स्विच चालू. चित्र आलं. बाबा खूश. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्यातला संशयी माणूस जागा झाला. टीव्ही गेला तेव्हा ते हाताची घडी घालून नुसते बसून राहिले, बॉक्सला बोटही लावलं नाही. नऊ मिनिटांनी चित्र आपोआप आलं. म्हणजे आदल्या दोन दिवशी स्विचनं काहीच केलं नव्हतं. आम्ही स्विचशी खेळत होतो तोवर वेळ निघून गेली होती, इतकंच.

बाबांनी नोकरीची तीसेक वर्षं भांडारात काढली. आवक-जावक लिहिल्याशिवाय वस्तू हलली यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी त्याच दुपारी एक जुनी दोनशे पानी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि रकाने पाडले: तारीख, गेला, आला, एकूण मिनिटं, चॅनेल, हवा, शेरा. मी मनात हसलो. पुढे त्या वहीनंच आम्हाला तारलं, त्यामुळे ते हसू इथे कबूल करून टाकतो.

वहीतल्या पहिल्या चार ओळींत मिनिटांचा रकाना असा आहे: ९, ९, ६, २. पाचव्या दिवशी काहीच नाही. आणि त्या पाचव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता टेक्निशियन आला.

टीव्ही उत्तम चालला होता. त्यानं चार चॅनेल फिरवून पाहिले, बॉक्सच्या मागचा कनेक्टर उगाच थोडा पिळला आणि म्हणाला, “काका, काहीच प्रॉब्लेम नाही. मोबाईलवर एक नंबर आला असेल, तो सांगा.” बाबांनी सांगितला. त्यानं तो आपल्या फोनवर टाकला आणि गेला. पाचच मिनिटांत मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. तो नंबर म्हणजे आपली सही असते, हे आम्हाला नंतर कळलं. तो दिला की तक्रार त्यांच्या लेखी संपली. पुढचा फोन ही नवी तक्रार, नवा क्रमांक, पुन्हा स्विच बंद आणि स्विच चालू. त्यामुळे दुरुस्ती आपल्या डोळ्यांदेखत झाली नसेल तर तो आकडा देऊ नये. माणूस दारात ताटकळतो, आपल्याला संकोच वाटतो, आणि त्या संकोचापायीच बहुतेक तक्रारी मिटत असाव्यात.

पण नऊ, नऊ, सहा, दोन हे आकडे माझ्या डोक्यातून जाईनात. रोज जवळपास त्याच वेळी, आणि दिवसागणिक कमी होत संपणारं दुखणं. केबल अशी वेळ पाळून बिघडत नाही. उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही, वर बघितलं तरी पुरे होतं. कारण सूर्य होता.

आपली डिश ज्या उपग्रहाकडे बघते तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. त्या उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी मारायला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून खालून तो एका जागी खिळल्यासारखा दिसतो. तीन उपग्रह असे ठेवले तर जगभर प्रक्षेपण करता येईल, हे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातल्या लेखात मांडलं होतं. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकची दृश्यं सिंकॉम ३ या अशाच स्थिर उपग्रहावरून समुद्रापार गेली. उपग्रह हलत नाही म्हणून डिशही हलवावी लागत नाही. एकदा रोख धरला की झालं. पण आकाशात सूर्य हलतो. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसांच्या आगेमागे, काही दिवस तो बरोबर त्या उपग्रहाच्या पाठीमागून जातो. उत्तर गोलार्धात हे मार्चच्या संपाताआधी आणि सप्टेंबरच्या संपातानंतर होतं, दक्षिणेत उलट. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओलहरींचा गोंगाटही करतो. त्या काही मिनिटांत डिशला उपग्रहाची कुजबुज आणि सूर्याची आरोळी एकाच दिशेनं ऐकू येते, आणि कुजबुज हरते.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तरीच. त्या दिवशी गच्चीत गेलो होतो तर डिशच्या दांडीवरचं ते बोंडुक चमकत होतं.” बोंडुक म्हणजे एलएनबी, डिशसमोर दांडीच्या टोकाला बसवलेला तो छोटा डबा. बाबांचं निरीक्षण अचूक होतं. डिश लहरी गोळा करून ज्या बिंदूवर टाकते, सूर्य तिच्या बरोबर रोखात आला की त्याचं ऊनही तिथेच टाकते. डिशचा रंग मुद्दाम मळकट, बिनचकाकीचा ठेवतात तो यासाठीच. गंज लपवायला म्हणून तिला चकचकीत ऑइलपेंट फासलात तर या दिवसांत एलएनबीचं प्लॅस्टिकचं टोपण वितळू शकतं.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. सूर्य कधी आड येणार हे गणितानं आधीच काढता येतं, आणि प्रक्षेपण करणाऱ्यांकडे त्याची तारखावार वेळापत्रकं असतात. तरी फोनवरच्या मुलीच्या समोरच्या पडद्यावर ‘या आठवड्यात दुपारी असं होईल, काळजी करू नका’ ही एक ओळ कोणी टाकली नव्हती. ती ओळ असती तर माणूस पाठवायचा त्यांचा खर्च वाचला असता आणि आमच्या त्या सगळ्या दुपारी.

असो. एप्रिल-मे ठीक गेले. मग पाऊस सुरू झाला.

पावसात डिश टीव्ही जातो हे सगळ्यांनाच माहीत असतं. आम्हीही तसे बेफिकीर होतो. बाबांच्या वहीत मात्र हवेचा रकाना भरू लागला. त्यांनी दोन गोष्टी टिपल्या ज्या मी इतकी वर्षं बघूनही बघितल्या नव्हत्या. एक म्हणजे टीव्ही कित्येकदा पाऊस सुरू व्हायच्या आधीच जातो आणि डोक्यावर कोसळत असताना परत येतो. कारण डिश सरळ वर बघत नाही, तिरकी बघते. तिच्या वाटेत येणारा ढग आपल्या घरावर नसतो, बराच पुढे असतो. दुसरी म्हणजे एचडी चॅनेल आधी जातात, साधे नंतर. एचडी चॅनेल बहुधा डीव्हीबी-एस२ या नंतरच्या पद्धतीनं पाठवतात. त्यात तेवढ्याच जागेत जास्त माहिती दाटून बसवता येते, पण ती नीट उलगडायला सिग्नलही जास्त स्वच्छ लागतो. दाटीवाटीनं बारीक अक्षरात लिहिलेलं पत्र ओलं झालं की आधी वाचता येईनासं होतं, तसंच.

पावसाचं कारणही साधंच आहे. छोट्या डिशवर येणाऱ्या लहरी १० ते १३ गिगाहर्ट्झच्या दरम्यानच्या, म्हणजे लांबीला जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे थेंब त्या थोड्या शोषून घेतात, थोड्या इकडेतिकडे उडवतात. पूर्वीच्या भल्यामोठ्या छत्र्या ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लांब लहरी पकडत, त्यांना पावसाचं फारसं काही वाटत नसे. पण तेवढी छत्री आज कोण ठेवून घेणार? शिवाय जुन्या टीव्हीत सिग्नल अशक्त झाला की मुंग्या येत, चित्र करडं होई, तरी खेळाडू कोण आणि चेंडू कुठे ते कळायचं. आताचं प्रक्षेपण कड्याच्या टोकापर्यंत नीट चालतं आणि मग एकदम खाली.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. मग जुलैत एक दिवस बाबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पाऊस थांबला. तरी नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निळी चौकट होती. पण सगळ्या चॅनेलवर नाही. आईची मालिका लागत होती, बाबांच्या बातम्या लागत नव्हत्या. दोन क्रीडावाहिन्या चालू, तिसरी बंद. फोन केला तर या वेळी मुलगा होता. त्यानं बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि विचारलं, “सर, न दिसणारे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये आहेत का?” आहेत. “रिचार्ज संपलेला नाही ना?” नाही. “मग बॉक्स बंद करून...”

मी फोन बाबांकडे दिला. ते म्हणाले, “हे बघ बाळा, पैसे संपले की तुमचा बॉक्स वेगळं वाक्य दाखवतो. हे वाक्य सिग्नलचं आहे.” मुलगा क्षणभर गप्प झाला. त्याच्या यादीत या उत्तराला जागा नसावी. मग त्यानं तक्रार नोंदवली.

दुसरा टेक्निशियन तरतरीत होता. तो थेट गच्चीत गेला आणि त्यानं निदान केलं: डिश हलली आहे. मग सुरू झाला तो कार्यक्रम ज्यात घरातल्या प्रत्येकाला भूमिका असते. तो कठड्यापाशी, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. “आता?” “नाही!” “आता?” “आलं! गेलं!” “मागे जाऊ का?” “कोण मागे?” बॉक्सला सिग्नल धरायला दोन-तीन सेकंद लागतात, त्यामुळे तो डिश फिरवून पुढे गेलेला असायचा तेव्हा आई आधीच्या जागेचं ‘आलं’ ओरडायची. त्याच्याकडे मीटर नव्हता. साठ सेंटिमीटरची डिश जेमतेम तीन अंशांच्या पट्ट्यात ऐकते. हातानं आणि आरोळीनं तीन अंश शोधायचे म्हणजे कमाल आहे, पण तो शोधून दाखवत होता, हेही खरंच. शेवटी त्यानं एलएनबी बदलला, त्याचे पैसे घेतले आणि नंबर विचारला. सगळे चॅनेल दिसत होते. बाबांनी नंबर दिला.

चार दिवस बरे गेले. पाचव्या रात्री पाऊस, सहाव्या सकाळी पुन्हा तेच अर्धे चॅनेल.

तिसरा माणूस आला तो मुळात दुरुस्तीला आलाच नव्हता. त्यानं बॉक्सकडे पाहिलं आणि हा जुना झाला, नवा घ्या, त्यात रेकॉर्डिंगही होतं, असं सुरू केलं. बाबांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि नंबर दिला नाही. तो पंधरा मिनिटं घुटमळला. मला वाईट वाटलं, कारण त्याला त्या तक्रारीमागे मिळणारे पैसे त्या आकड्यावर अवलंबून असणार. पण बाबा भांडारातल्या खुर्चीत बसल्यासारखे बसले होते. माल तपासल्याशिवाय पावती फाडणार नव्हते.

मधल्या काळात मी एक गोष्ट शिकलो होतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये, बहुतेक सिस्टिम किंवा इन्स्टॉलेशनच्या पानावर, दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. आम्ही वर्षानुवर्षं पहिलीकडेच बघत होतो, ती भरलेली असली की समाधान. पण स्ट्रेंथ फक्त एवढंच सांगते की केबलमधून काहीतरी येतंय. त्यात गोंगाटही धरलेला असतो. क्वालिटी सांगते की आलेल्यातलं कामाचं किती. जोराच्या पावसात दोन्ही खाली येतात. सूर्य आड येतो तेव्हा स्ट्रेंथ तशीच राहून क्वालिटी शून्यावर जाऊ शकते. केबल मुळातूनच तुटली तर दोन्ही गेलेल्या. बाबांनी वहीत आणखी दोन रकाने वाढवले आणि दर पावसानंतर दोन चालणाऱ्या, दोन न चालणाऱ्या चॅनेलांवर दोन्ही आकडे लिहू लागले. आई म्हणाली, “टीव्ही बघण्यापेक्षा टीव्हीची पट्टी बघणं जास्त चाललंय या घरात.” खरंच होतं.

मग आम्ही फोन बंद केला आणि लिहिलं. प्रत्येक सेवेत कस्टमर केअरच्या वर तक्रारीची एक पायरी असते, तिचा पत्ता त्यांच्या कागदपत्रांत बारीक अक्षरात कुठेतरी छापलेला असतो. मी चार परिच्छेद लिहिले होते, त्यातले तीन संतापाचे. बाबांनी ते तीन काढले. उरलं ते असं: मागच्या तीन तक्रारींचे क्रमांक, कुठले चॅनेल जातात, कुठले कधीच जात नाहीत, पाऊस थांबल्यावर किती तासांनी येतात, एलएनबी बदलून फरक नाही. सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो. ‘ग्राहकाला झालेला मनस्ताप’ वगैरे माझे लाडके शब्द गेले. तीन दिवसांत फोन आला, आणि पहिल्यांदाच समोरच्यानं आधीच्या तक्रारी वाचलेल्या होत्या.

चौथा टेक्निशियन पन्नाशीच्या पुढचा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर. त्यानं टीव्ही लावलाच नाही. “फोटोतली वही कुठाय?” म्हणाला. बाबांनी अशा तत्परतेनं वही पुढे केली की मला त्यांच्या नोकरीचे दिवस दिसले. तो दोन पानं वाचत राहिला, बोट चॅनेलांच्या रकान्यावरून खाली नेत. मग म्हणाला, “काका, जाणारे सगळे एकाच बाजूचे आहेत.”

त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून सविस्तर लिहितो. उपग्रहावरून लहरी दोन तऱ्हांनी येतात, उभ्या आणि आडव्या, म्हणजे एकाच वाटेनं दुप्पट माल पाठवता येतो. एलएनबी एका वेळी एकच तऱ्हा घेतो. कुठली घ्यायची हे त्याला बॉक्स सांगतो, आणि सांगतो कसं, तर त्याच केबलमधून वर वीज पाठवून. १३ व्होल्ट आले तर उभ्या, १८ आले तर आडव्या. म्हणजे आपण घरात रिमोटचं बटण दाबतो तेव्हा गच्चीवरच्या त्या बोंडुकापर्यंत विजेची एक चिठ्ठी जाते. आता मधल्या केबलमध्ये कुठे गंज असेल, पाणी असेल, तर वाटेत व्होल्ट गळतात. १३ची चिठ्ठी जरा फिकी पोचली तरी अर्थ तोच राहतो. १८ची फिकी झाली की एलएनबी ती १३ समजतो आणि आडव्या मागितल्या तरी उभ्याच देत बसतो. अर्धे चॅनेल गायब, अर्धे ठणठणीत.

“म्हणून एलएनबी बदलून काही झालं नाही,” तो म्हणाला. “चिठ्ठी वाटेत भिजतेय.”

त्यानं एलएनबीपाशी केबल सोडून मीटर लावला. आडव्या चॅनेलवर १८ यायला हवे होते, मीटरवर पुरते १४ही नव्हते. मग तो केबल हातातून सोडत सोडत खाली येऊ लागला. गच्चीचा कठडा, पावसाळी पाइप, खिडकीचा सज्जा. सज्जाखाली तो थांबला. तिथे केबलवर काळ्या टेपची एक जाड गाठ होती. टेप सोलली तर आत तांब्याच्या तारा एकमेकींना पिळलेल्या, हिरव्या पडलेल्या, आणि गाठीतून पाण्याचे दोन थेंब गळले.

“हे कुणी केलं?” त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले, “मागच्या टेक्निशियननं केलं असेल.”

तसं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढला तेव्हा शिडीच्या ओढाताणीत केबल तुटली होती. मी एका रविवारी दोन्ही टोकं सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोडली होती. टीव्ही लागला होता. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मग विसरून गेलो होतो. संतापाचे तीन परिच्छेद मी लिहिले होते त्यातला एक तर ‘निकृष्ट जोडणी’वरच होता.

मी सांगून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर शेऱ्यात एवढंच होतं: ‘जॉइंट. घरचा.’

त्या माणसानं मला हसूनही लाजवलं नाही. म्हणाला, ही केबल म्हणजे दोन वायरी नाहीत. मधली तार, भोवती फेसाळ आवरण, त्याभोवती जाळी. हे सगळं अंतर सारखं राहिलं तरच ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल नीट खाली येतो. पिळून जोडली की सिग्नल त्या जागी धडपडतो, आणि पाणी आवरणात शिरलं की केशाकर्षणानं आत सरकत जातं, मग नुसती गाठ कापून भागत नाही. त्यानं सज्जापासून वरची सगळी केबल बदलली. जोड आला तिथे कनेक्टर लावले, वरून पाणी न शिरणारी टेप ताणून गुंडाळली. भिंतीतून आत जाण्याआधी केबलला खाली झुकणारा एक झोल दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जातं, भोकात जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण आधीच्या जोडणीत ती नव्हती. म्हणजे माझ्या त्या परिच्छेदातलं थोडं तरी खरं होतं, एवढं समाधान मी करून घेतलं.

जाताना त्यानं विचारलं, “काका, वहीत ‘वारा’ लिहिलंय तिथे पाऊस नाही, तरी क्वालिटी नाचतेय. समोर झाड आहे का?” आहे, बाबा म्हणाले, पण ते बाजूला वर आहे, डिश तर सरळ समोर बघते. तो हसला. डिश सरळ समोर बघते असं फक्त वाटतं. या डिशा मोठ्या वाटीच्या बाजूचा काप घेतल्यासारख्या असतात, म्हणून त्यांचा डबा मध्ये न येता खालच्या बाजूला असतो, आणि तोंड दिसतं त्याच्यापेक्षा साधारण २० ते २५ अंश वर त्यांची खरी नजर असते. समोरचं जे झाड आडवं येतंय असं वाटतं ते बहुतेकदा येत नाही. जे वर आहे म्हणून आपण सोडून देतो ते येतं. आमच्या झाडाची एक फांदी या पावसाळ्यात वाढून बरोबर त्या नजरेत आली होती. ओली पानं तर लहरी आणखीच गिळतात. फांदी छाटली.

कंपनीनं गेलेल्या दिवसांपोटी रिचार्जची मुदत थोडी वाढवून दिली, आम्ही ती मागितली होती म्हणून. एलएनबीचे पैसे परत मिळाले नाहीत. मी जॉइंटची गोष्ट लेखी कळवल्यावर ते मागायला तोंडही उरलं नव्हतं. चौथ्या माणसाला बाबांनी नंबर दिला तो वही बंद करून, दोन्ही हातांनी.

ऑक्टोबर लागला तसे बाबा अस्वस्थ झाले. मार्चमधली पानं काढली. सूर्य आड येण्याची वेळ तेव्हा एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास होती. त्यांनी आईला आणि शेजारच्या काकांनाही बजावून ठेवलं की या आठवड्यात एक वाजून दहाला टीव्ही जाईल, कुणी घाबरू नका, फोन करू नका. पहिल्या दिवशी एकला पाच कमी असताना ते गच्चीत जाऊन एलएनबीसमोर खुर्ची टाकून बसले, टोपण चमकताना बघायला. एक दहा झाले. एक वीस झाले. आतून आईच्या मालिकेचा आवाज व्यवस्थित येत होता.

ते खाली आले तेव्हा आई म्हणाली, “तुम्ही अंघोळीला होतात ना, तेव्हाच येऊन गेली ती निळी चौकट. पाऊण वाजता. पाच मिनिटं.”

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी जाऊन शोधलं. सूर्य घड्याळाच्या वेळेवर चालतच नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि आस कललेली, म्हणून मार्चच्या सुरुवातीला तो घड्याळापेक्षा सुमारे १२ मिनिटं मागे असतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तेवढाच पुढे. दोन्ही मिळून २० ते २५ मिनिटांचा फरक. सावलीची घड्याळं वापरणारे लोक ही दुरुस्ती जमेस धरत असत.

बाबांनी ऐकून घेतलं, वही उघडली, मार्चच्या पानावर समासात उभं लिहिलं, ‘ऑक्टोबरात २५ वजा’, आणि मग बराच वेळ खिडकीतून वर बघत बसले, गोदामातून माल वेळेआधी उचलून नेणाऱ्या गाडीवाल्याकडे बघावं तसे.